वास तर येणारच ना, सर!

पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचा वास येणारच, असं मला एका चकचकीत सर्व्हिस सेंटरमधल्या कडक इस्त्रीच्या शर्टाने सांगितलं. गळ्यात पट्टा, हातात टॅब्लेट, आणि चेहऱ्यावर समाधान असं की न्यूटनच्या तीन नियमांनंतरचा चौथा याला नुकताच सापडलाय. मी विचारलं, घरात गॅसचा वास आला तर ‘गॅसची शेगडी आहे, येणारच’ म्हणून तुम्ही पोळ्या लाटत बसता का? शर्ट हसला. ग्राहक विनोदी निघाला की या मंडळींना हायसं वाटतं. विनोदी माणूस सहसा बिल न वाचता भरतो.

वाचकहो, गाडीतल्या पेट्रोलच्या वासावर आपल्याकडे जे उपचार चालतात ते गाडीवर चालत नाहीत. ते तुमच्या नाकावर चालतात. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली की बाकी सगळा तमाशा आपोआप कळतो.

आपल्या नैयायिकांनी गंध हा पृथ्वीचा गुण मानला होता. सर्व्हिस सेंटरने तो ग्राहकाचा दोष मानला आहे. तक्रार घेऊन जा, पहिला प्रश्न गाडीबद्दल नसतोच. ‘सर, तुम्हालाच येतो की घरात सगळ्यांना?’ म्हणजे आता घ्राणेंद्रियाचं फिटनेस सर्टिफिकेट आणा. मग तो स्वतः गाडीत डोकं घालतो. चारही दारं उघडी, बाहेर भन्नाट वारा, अशा प्रयोगशाळेत दोनदा हुंगतो आणि निकाल देतो, ‘आत्ता तर नाही येत.’ जॉब कार्डवर शब्द उमटतात : ‘कस्टमर फीलिंग पेट्रोल स्मेल’. बघितलंत? गाडीला वास येत नाही. कस्टमरला तो फील होतोय. ज्ञानमीमांसेतला एवढा बारीक भेद काशीच्या पंडितांनाही सुचला नसता, आणि हे लोक तो लेबर चार्जेससकट देतात.

या ‘येणारच’ संप्रदायाला साथ द्यायला प्रत्येक सोसायटीत एक काका असतात. ‘आमच्या फियाटला कायम यायचा. काय बिघडलं?’ काका, तुमच्या प्रीमियर पद्मिनीला कार्ब्युरेटर होता. त्याच्या पोटात पेट्रोलची वाटी, वाटीत तरंगणारा फ्लोट, फ्लोटच्या भरवशावर पेट्रोल अडवणारी एक सुई. सुई झिजली किंवा तिच्याखाली कचरा अडकला की वाटी भरून वाहायची. शिवाय त्या वाटीला हवेशी संबंध ठेवायला वाट मुद्दाम सोडलेली असे. त्या काळी वास हा खरोखरच सहप्रवासी होता, मान्य. पण २०००च्या आगेमागे आपल्या गाड्या इंजेक्शनवर गेल्या आणि तो करार संपला.

आता टाकीतला पंप पेट्रोलला साधारण ३ ते ४ बार दाबाने पुढे ढकलतो. तुमच्या टायरमध्ये हवा असते तिच्यापेक्षा हा दाब जास्त. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळं बंदिस्त. टाकीत साचणारी वाफसुद्धा उधळून देत नाहीत. ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये, धरून ठेवतात आणि इंजिन चालू झालं की पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनालाच पाजतात. उभ्या गाडीतून सुटणाऱ्या वाफेला नियमातल्या चाचणीत २ ग्रॅमची मर्यादा आहे. ग्रॅम! तोळ्यातसुद्धा नाही. इतक्या कंजूष यंत्रणेतून तुमच्या नाकापर्यंत पेट्रोल पोचत असेल तर कुठेतरी गळतंय. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू करताना सायलेन्सरमागे क्षणभर कच्चा वास येतो, किंवा पंपावर चार थेंब सांडले तर थोडा वेळ येतो. ते सोडून द्या. त्यापलीकडचा प्रत्येक वास हा पुरावा आहे, आणि पुरावा फील होत नसतो, सापडत असतो.

‘थोडी चालवा सर, सवय होईल.’

हे मात्र शंभर टक्के खरं. सवय होते! नाक काही मिनिटांत कंटाळतं आणि तीच तीच बातमी मेंदूला कळवणं सोडून देतं. गळती मात्र कंटाळत नाही. ती आपलं काम नेकीने करत राहते आणि तुम्ही ‘गेला वाटतं वास’ म्हणून कात्रजचा घाट ओलांडता. आणि पेट्रोल नुसतंच वास मारत नाही. त्यात बेंझीन असतं. बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याला १ टक्क्यापर्यंत मुभा आहे, आणि ते माणसाला कर्करोग करतं याबद्दल वैद्यकशास्त्रात वाद उरलेला नाही. पोराला मागच्या सीटवर बसवून शाळेत सोडताना त्याचं डोकं दुखलं तर ‘मोबाइल कमी बघ’ म्हणण्याआधी जरा सीटखाली बघा.

सवय व्हायची वाट बघवत नसेल तर दुसरा उपचार तयार असतो : परफ्यूम. आरशाला लटकणारा, एसीच्या जाळीत खुपसायचा, डॅशबोर्डवर चिकटवायचा. आता तुमच्या गाडीत पेट्रोलचा वास येत नाही. पेट्रोल आणि लिंबू यांचा येतो. तिसरा उपचार जास्त उंची, म्हणजे ‘एसी डिसइन्फेक्टंट ट्रीटमेंट’. एसीच्या कॉइलवर बुरशी धरली की ओल्या मोज्यासारखा कुबट वास येतो, त्यावर हा फवारा ठीक. पण पेट्रोलला बुरशी लागते हे मला तिथे बिल भरतानाच समजलं असतं, जर मी ते भरलं असतं.

चौथा उपचार माझा सर्वांत लाडका. ‘सर, एसी रिसर्क्युलेशनवर ठेवा ना.’ यातली गंमत सावकाश चाखा. पुढच्या काचेच्या पायथ्याशी जी काळी जाळी असते तिथून केबिनला बाहेरची हवा मिळते, आणि ती जाळी असते बॉनेटच्या मागच्या कडेला. इंजिनाजवळ पेट्रोल झिरपत असेल तर त्याची वाफ तिथूनच आत येते. त्यामुळे रिसर्क्युलेशन लावल्यावर वास घटला, तर चोर बॉनेटखाली. नाही घटला, उलट वाढला, तर चोर गाडीच्या आतच, बहुधा मागच्या सीटखाली. म्हणजे या गृहस्थाने एक बटण दाबून अर्धं निदान केलं होतं! आणि ते औषध समजून माझ्या हातात दिलं. आर्किमिडीज टबात बसला, पाणी बाहेर सांडलं, आणि त्याने ओरडून पोछा मागवला.

यावर कुणी म्हणेल, अहो पण त्यांच्याकडे स्कॅनर असतो. असतो ना. ‘स्कॅनरमध्ये एरर नाही’ हे तर या संप्रदायाचं ब्रह्मवाक्य. स्कॅनर सेन्सरचं ऐकतो. रबरी होजला सेन्सर नसतो. गॅस्केटला नसतो, ओ-रिंगला नसतो, क्लॅम्पला नसतो. होजला चीर पडल्याची बातमी कॉम्प्युटरला कळवणार कोण, उंदीर? ज्याला नाक नाही अशा यंत्राला वासाबद्दल साक्षीला बोलवायचं आणि ते गप्प राहिलं की आरोपीला निर्दोष सोडायचं. बरं, पीयूसीवाल्याकडे जा. तो सायलेन्सरमध्ये नळी खुपसून धूर मोजतो. सायलेन्सरच्या पुढे टाकीपर्यंत जे काही पाझरतंय त्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पेट्रोल गळणारी गाडी प्रदूषण करत नाही असं सर्टिफिकेट खिशात घालून तुम्ही बिनधास्त फिरू शकता.

आता खरं काम, जे करायला कुठलंही यंत्र लागत नाही. वास कधी येतो, एवढंच नीट विचारायचं. कुणीच विचारत नाही, कारण त्याला पार्ट नंबर नसतो.

रात्रभर बंद असलेल्या गाडीचं दार सकाळी उघडताच वास आला, इंजिन चालू करण्याआधीच, तर टाकीकडची बाजू. चालू केल्यावर बॉनेटकडून येऊ लागला तर दाबाखालची बाजू : फ्युएल रेल, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, रबरी होज. अशी गळती बंद गाडीत कधीकधी दिसतच नाही, कारण चिरेतून पेट्रोल बाहेर फेकायला दाब लागतो. म्हणून चावी नुसती ऑन करायची, स्टार्ट नाही. मागून पंपाचा ‘घुंऽऽ’ असा दोनेक सेकंद आवाज येतो, लाइनीत दाब भरतो, आणि तेव्हा बॅटरीने उजेड पाडून बघायचं. बॅटरीने म्हणतोय मी. लायटरने बघणारा एक महाभाग मी पाहिला आहे. तोंडात बिडी, हातात लायटर, आणि म्हणे ‘लीकेज शोधतोय’. सापडलं असतं तर त्यालाच सगळ्यांत आधी सापडलं असतं.

इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून हुंगा. तिला पेट्रोलचा वास असेल, ऑइलची पातळी न भरता वाढलेली असेल, तर बहुधा इंजेक्टर बंद असतानाही थेंब सोडतोय आणि पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतंय. ही गाडी वास मारते एवढंच नव्हे, ती स्वतःचं वंगण पातळ करून बेअरिंगं खाते. तिथे परफ्यूम कुठे लावणार? डिपस्टिकला?

आणि टाकी फुल केल्यावरच वास येत असेल तर सगळ्यांत आधी झाकण. झाकणाच्या आतल्या रबरी रिंगेला बोट फिरवून बघा. चिरा, दबलेला भाग, कडकपणा बोटालाच कळतो. झाकण बदलायला पदवी लागत नाही. म्हणूनच बहुधा कुणी बदलायला सांगत नाही.

झाकण ठीक असेल तर तुमच्या पंपावरच्या लीला तपासा. नोझल ‘खट्’ करून बंद पडतं ते त्याला कंटाळा येतो म्हणून नव्हे. टाकीत वाफेसाठी जागा शिल्लक ठेवायची असते. पण आपल्याला राउंड फिगर पाहिजे! १,९४२ रुपयांवर थांबणं म्हणजे शुद्ध अपशकुन. ‘दोन हजार करू का साहेब?’ ‘करा की.’ मग खट्, अजून थोडं, खट्, गाडी हलवून अजून थोडं. ते वरचं अठ्ठावन्न रुपयांचं पेट्रोल कोळशाच्या डब्यात शिरतं. डबा केला होता वाफ धरायला, तुम्ही त्याला आंघोळ घातली. भिजलेला कोळसा वाफ धरेनासा होतो, वास बाहेर पडतो, पेट्रोल भरल्यावर गाडी लगेच स्टार्ट होईना की ‘पेट्रोलमध्ये भेसळ आहे’ अशी बोंब. राउंड फिगरसाठी कॅनिस्टर बदलणारा हा जगातला एकमेव हिशेबी समाज. आणि हेच लोक दर उन्हाळ्यात ‘टाकी फुल करू नका, स्फोट होतो’ हा मेसेज ग्रुपवर ढकलतात. इंडियन ऑइलनेच तो खोटा असल्याचं जाहीर केलं. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत खुशाल भरा म्हणाले. मर्यादेपर्यंत. नरड्यापर्यंत नव्हे.

उंदरावर मी फार लिहिणार नाही, कारण तो या सगळ्या कथेतला एकमेव प्रामाणिक प्राणी आहे. होज कुरतडतो आणि ‘नॉर्मल आहे’ असं म्हणत नाही. तंबाखूची पानं बांधा, डांबरगोळ्या ठेवा, फवारे मारा; पण कुरतडलेला होज आधी बदला. लोक तंबाखू बांधून निश्चिंत होतात आणि होज तसाच.

होज बदलण्याची कलाही पाहण्यासारखी आहे. रस्त्यावरचा मिस्त्री फाटक्या जागेवर एम-सील थापतो, नाहीतर पाण्याच्या पाइपाचा तुकडा घालून वर तार पिळतो. एम-सील बिचारं पाण्याच्या गळतीसाठी घरोघरी गेलं. ३ बार दाबाचं पेट्रोल अडवीन अशी शपथ त्याने कधी घेतली नव्हती. जुने ड्रायव्हर टाकीला बारीक भोक पडलं की अंगाचा साबण घासून बसवायचे, कारण साबण पेट्रोलमध्ये चटकन विरघळत नाही. ती युक्ती मला मान्य आहे. घाटात अडकलेल्या माणसाला घरी पोचवायला ती पुरे होती आणि तिने आपण कायमची दुरुस्ती असल्याचा दावा केला नाही. कायमच्या दुरुस्तीला इंजेक्शनच्या गाडीचाच, दाब सोसणारा फ्युएल होज लागतो आणि रबर न कापणारा गोल क्लॅम्प. असा होज पुण्यात नाना पेठेत मीटरवर कापून मिळतो.

आणि आता आलंय नवं ब्रह्मास्त्र : इथेनॉल. ‘ई-२० आहे सर, सरकारला विचारा.’ ६ फेब्रुवारी २०२३ला बंगळुरूत ई-२० पेट्रोलचं उद्घाटन झालं आणि सर्व्हिस सेंटरची वर्षानुवर्षांची चिंता मिटली. आता गाडीत काहीही बिघडलं तरी गुन्हेगार उसाच्या फडात. इथेनॉल जुन्या गाड्यांमधल्या काही रबरांना सोसत नाही हे खरंच आहे; एप्रिल २०२३पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग म्हणूनच ई-२० चालेल असे बनवायला सांगितले. पण मग अहो शहाणे, इथेनॉल रबर खातं हे तुम्हाला ठाऊक आहे ना? माझी गाडी जुनी आहे हेही टॅब्लेटवर दिसतंय ना? मग रबर तपासलंत का? ‘रोग माहीत आहे, म्हणून नाडी बघितली नाही’ असं सांगणारा वैद्य तुम्ही कुठे बघितलाय?

माझ्या गाडीचं काय झालं म्हणता? सर्व्हिस सेंटरने टाकी बदलायचं एस्टिमेट दिलं. पूर्ण फ्युएल टँक असेंब्ली, पाच आकडी रक्कम. ज्या वासाचं अस्तित्वच त्यांना मान्य नव्हतं, त्यासाठी पाच आकडी टाकी! आधी देव नाही म्हणायचं आणि मग अभिषेकाची पावती फाडायची.

मी गाडी गल्लीतल्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ना स्कॅनर लावला, ना माझ्या नाकावर शंका घेतली. विचारलं, ‘टाकी फुल असताना जास्त येतो का? चढावर?’ हो म्हणालो. त्यांनी मागच्या सीटची बैठक उचलली, गालिचा परतवला, पत्र्याचं झाकण उघडलं. खाली फ्युएल पंपाचं तोंड, भोवती गोल लॉक रिंग. सगळीकडे राखाडी धुळीचा थर, आणि रिंगेच्या एका बाजूला नखाएवढी जागा लख्ख धुतलेली. पेट्रोल तिथून पाझरत होतं, उडून जात होतं आणि जाता जाता धूळ पुसत होतं. ‘पंप कधी काढला होता का?’ काढला होता. त्याच सर्व्हिस सेंटरने, फ्युएल गेज नीट दाखवत नाही म्हणून. ‘मग बरोबर. रबर जुनंच बसवलंय.’ ते रबर पेट्रोल पिऊन फुगतं. एकदा काढलं की पुन्हा त्याच खाचेत सपाट बसत नाही. टाकी निम्मी झाली की पेट्रोल त्या उंचीला पोचेना, वास कमी होई, आणि शर्ट म्हणे, ‘बघा सर, गेला ना?’

मिस्त्रींनी दारं उघडी टाकली, पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनीतला दाब उतरला, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली आणि शेजारी उभ्या असलेल्या चहावाल्या पोराला स्टोव्हसकट हाकललं. नवीन गॅस्केट काही शे रुपयांचं. कंपनीत ट्रेनिंग झालेल्या माणसाने जे रबर वाचवलं, त्याच्या जोरावर कंपनी टाकी विकायला निघाली होती.

हे सगळं मी चेष्टेने लिहितोय, कारण संतापून लिहिलं तर रक्तदाबाचं एस्टिमेट वेगळं येईल. पण पेट्रोल चेष्टा करत नाही. उणे ४० अंशांच्या आसपासही ते पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. पुण्याच्या डिसेंबरला ते थंडी समजतच नाही. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, म्हणून वर जाऊन विरत नाही, खाली बसते : पायाशी, डिकीत, सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या जवळ गेलं की एक ठिणगी पुरते, आणि गाडीत ठिणग्यांची टंचाई नसते.

तेव्हा जॉब कार्डवर ‘कस्टमर फीलिंग’ खोडायला लावा. ‘गाडीतून पेट्रोलचा वास येतो, अमुक वेळी, अमुक बाजूने’ असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि ते वाचल्याशिवाय सही करू नका. गाडी परत देताना गळती कुठे होती ते बोट ठेवून दाखवायला सांगा, काढलेलं रबर हातात मागा. दाखवता आलं नाही तर दुरुस्ती झालेली नाही. आणि वास येत असताना गाडी चालवत सर्व्हिस सेंटरपर्यंत नेऊ नका, टो करून न्या. तुमच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे का बघा. बऱ्याच जणांनी त्याचे पैसे आधीच भरलेले असतात.